पलंगाखालची गस्त

माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना त्याला अंधाराची भीती वाटू लागली. पलंगाखाली कोणीतरी आहे असे तो रोज रात्री सांगू लागला, तेव्हा मी आधी "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" असे म्हणून पाहिले आणि तेवढ्याने भागेना, म्हणून टॉर्च घेऊन पलंगाखाली वाकून "बघ, कोणी नाही" अशी ग्वाही देऊ लागलो. मग कपाटाची पाळी आली, मग पडद्यांची. महिन्याभरात माझी गस्त पंधरा मिनिटांवर गेली आणि भीती मात्र तसूभरही हलली नाही. बाप रोज रात्री टॉर्च घेऊन शोधतो, त्याअर्थी शोधण्यासारखे काहीतरी असणारच, हा त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

त्या वयात अशी भीती वाटणे हा काही बिघाड नव्हे. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान कल्पनाशक्ती बहरते, पण खरे कोणते आणि मनातले कोणते यांतली रेघ अजून पुसट असते. त्याची छाती खरोखर धडधडत असते. अशा वेळी "घाबरू नकोस" ही आज्ञा पाळणे त्याच्या हातात नसते, आणि पाळता आली नाही की भीतीच्या जोडीला लाजही येते.

मुले आपल्या शब्दांपेक्षा आपला चेहरा आधी वाचतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या अशा पृष्ठभागावर ठेवले होते, ज्याच्या मध्यावर जमीन एकदम खोल गेल्यासारखी दिसे. पलीकडे उभ्या असलेल्या आईचा चेहरा आनंदी असेल, तर १९ पैकी १४ बाळे रांगत पार गेली. चेहऱ्यावर भीती दिसली, तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. हे वाचल्यावर टॉर्च हातात घेतलेल्या माझ्या चेहऱ्यावर काय दिसत असेल, याचा विचार मी बराच वेळ करत बसलो.

वाट सापडली ती त्याहूनही जुन्या कामात. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली आहे. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी दूर ठेवायचा, मग ते अस्वस्थ होणार नाही इतक्याच बेताने जवळ आणायचा. शेवटी ते मूल सशाला हात लावू लागले. भीतीच्या वस्तूपासून पळ काढला की लगेच सुटका वाटते आणि ती सुटकाच पुढच्या वेळी पळायला शिकवते. थांबून राहिले, तर धडधड आपोआप ओसरते हे शरीराला स्वतः अनुभवावे लागते.

आम्ही टॉर्च मुलाच्या हाती दिली. पहिल्या आठवड्यात अंधाऱ्या खोलीत दोघांनी मिळून भिंतीवर सावल्यांचे प्राणी केले, पुढे मी दारात उभा राहिलो, मग दाराबाहेर. "भीती वाटते आहे ना? कितीशी, मुठीएवढी की घराएवढी?" एवढेच विचारत असे. मधे एकदा तापातून उठल्यावर तो पुन्हा पहिल्या पायरीवर आला, तेव्हा आम्हीही निमूट मागे गेलो.

सगळ्याच भीतीला हे लागू नाही. एखादे मूल त्याला मारणाऱ्या मोठ्या मुलाला घाबरत असेल, तर तिथे मुलाला धीट करण्याआधी मोठ्यांनी तो मार थांबवायला हवा. भीतीमुळे झोप, खाणे, शाळा कित्येक आठवडे विस्कटलेली राहिली, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा कसला?

आता दिवा तो स्वतः बंद करतो. दार मात्र वीतभर उघडे लागते, आणि ते मी बंद करायला जात नाही.