एका फेरीत आठ टक

मामाच्या व्हिडिओ गेमच्या मशीनवर मुस्तफा उजवीकडे चालेना. दांडी, म्हणजे जॉयस्टिक, उजवीकडे जायची, टक असा आवाजही यायचा, पण पडद्यावर तो जागचा हलायचा नाही. पाच-सहा वेळा जोरात रेटलं की एकदम चार पावलं पळायचा आणि पुन्हा थांबायचा. तो सगळा खेळ डावीकडून उजवीकडे सरकणारा. उजवीकडेच जाता येत नसेल तर पुढे खेळायचं काय?

सांगलीत बसस्टँडच्या मागच्या एका बोळात माझ्या मामाचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, १९९४ ते २००४. तीन मशीनं, एक पंखा, आणि काउंटरवर पितळी टोकनांचा स्टीलचा डबा. त्या टोकनाला सगळे कॉईनच म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या डब्यामागे बसायचे. पार्लरमध्ये मुली येत नसत, मी मालकाची भाची म्हणून चालायची. माझा खेळ रात्री शटर अर्धं ओढल्यावर. डावीकडे मामा, उजवीकडे मी, एकेक कॉईन.

'मुस्तफा' म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. ते लांबलचक नाव आमच्याकडे कुणी घेतलंच नाही. त्यातल्या टोपीवाल्या गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून गेमचंही नाव मुस्तफा. पार्लर बंद झाल्यावर दोन मशीनं विकली गेली आणि हे एक मामाने गावभागातल्या घरी जिन्याखाली ठेवलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती. घरात गुडघ्याच्या वर पाणी आलं. मशीनचा खालचा प्लाय फुगला, तळाशी बसवलेला पॉवर सप्लाय गेला. बोर्ड, म्हणजे गेम ज्यात असतो ती सर्किटची पाटी, आणि दांड्या उंचावर असल्यामुळे बुडाल्या नाहीत, पण पुढे महिनाभर त्या घरात जी ओल होती ती त्यांच्यात मुरली. पॉवर सप्लाय मी मागेच बदलला. दांड्यांना हात लावायला मात्र या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागलं.

हे काम कुणाला करायचं असेल तर एक गोष्ट आधीच सांगते. प्लग काढल्याशिवाय मशीन उघडू नका, आणि प्लग काढल्यावरही मागच्या बाजूला पिक्चर ट्यूबवर जी रबरी टोपी असते तिच्याजवळ हात नेऊ नका. बंद मशीनमध्येही तिथे हजारो व्होल्टचा भार साठून राहिलेला असू शकतो. दांड्यांचं काम समोरच्या पॅनेलमध्ये असतं, ट्यूबकडे जायची गरजच पडत नाही.

पॅनेल उघडून आपल्या अंगावर घेतलं की खालची बाजू दिसते. आमच्या दांड्या जुन्या पद्धतीच्या, वर बोंडासारखी लांबट मूठ, खाली प्लॅस्टिकचा चौकोनी डबा आणि त्याच्या चार बाजूंना चार मायक्रोस्विच, म्हणजे दाबले की टक वाजणारे छोटे स्विच. मधून लोखंडी दांडा येतो. त्याच्या टोकाला एक गोल बुश, दांडा पुन्हा मध्ये आणणारी स्प्रिंग आणि सगळं धरून ठेवणारी छोटी क्लिप, जिला मेकॅनिक नुसतं 'लॉक' म्हणतात. दांडी कलली की बुश एका स्विचची पत्ती दाबतो. तिरकी कलली की दोन स्विच एकदम दाबले जातात. चार स्विचांतून आठ दिशा अशा निघतात.

उजवीकडचं चालत नाही म्हणून मी उजवीकडचा स्विच बदलला. दोष तसाच. वायर बदलली, तरी तसाच. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. रात्री जेवताना लक्षात आलं की दांडी ही तरफ आहे. टेकू मध्ये. वरची मूठ उजवीकडे गेली की खालचं टोक डावीकडे जातं आणि डावीकडचा स्विच दाबतं. मी चांगला चालणारा स्विच काढून ठेवला होता. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मी मुलांना तरफेचे तीन प्रकार दरवर्षी करून दाखवते. आता या दांडीचा डबाही तिथे नेऊन ठेवणार आहे.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन बसले. स्विचला तीन पाय असतात. एक कॉमन, एक दाबल्यावर जोडला जाणारा, एक दाबल्यावर सुटणारा. आपल्याला पहिले दोनच लागतात. चांगला स्विच दाबला की मीटर १ ओहमच्या आत दाखवतो. हा कधी २ दाखवत होता, कधी ३००, कधी काहीच नाही. बोर्डाच्या बाजूने असं असतं की प्रत्येक दिशेची वायर ५ व्होल्टवर धरलेली असते आणि स्विच तिला ग्राउंडला जोडतो. ते व्होल्टेज साधारण ०.८ च्या खाली उतरलं तरच चिप म्हणते की दांडी दाबली. मधे शे-दोनशे ओहमचा अडथळा आला की ते कधी उतरतं, कधी काठावर लोंबकळतं. मुस्तफा अडखळत होता तो यामुळे.

स्विच फोडून पाहिला. आतले संपर्कबिंदू चांदीचे असतात. पैंजण वापरात नसले की काळे पडतात तसेच ते काळे पडले होते. चारही स्विच त्याच ओलीत होते, पण उजवीकडे नेणाऱ्या स्विचची पत्ती सर्वांत झिजलेली, मधोमध खळगा पडलेला. दहा वर्षं सांगलीतली पोरं एकाच दिशेला चालली होती, त्याची ती खूण. मी तो स्विच टाकलेला नाही.

नव्या स्विचांसाठी पुण्याला गेले, तपकीर गल्लीत. हा आकार मिळायला अडचण नाही, ओव्हनच्या दारापासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत सगळीकडे हाच वापरतात. भोकांमधलं अंतर २२.२ मिलिमीटर आहे का ते तेवढं पाहायचं. पहिल्या दुकानात मला १५ अँपिअरचे दिले, 'मॅडम, हेवी ड्यूटी आहेत' म्हणून. माझ्या मते इथेच बहुतेक जण फसतात. १५ अँपिअरचा स्विच घरच्या विजेवर चालतो तेव्हा दर वेळी बारीक ठिणगी पडते आणि ती चांदीवरचा काळा थर जाळते. इथे ५ व्होल्ट आणि चिमूटभर करंट, ठिणगी पडतच नाही, त्यामुळे थर साचत जातो. या कामाला ०.१ अँपिअरवाले, सोन्याचा मुलामा असलेले स्विच हवेत. सोनं काळवंडत नाही. चौथ्या दुकानात मिळाले. दहा घेतले, आठ लावायला आणि दोन हाताशी.

दाबायला लागणारा जोर ही दुसरी गोष्ट. प्रयोगशाळेतल्या डिजिटल तराजूवर स्विच ठेवून तो टक करेपर्यंत बोटाने दाबला. जुना ६० ग्रॅमला वाजला, १५ अँपिअरवाला २०० च्या पुढे, नवे ५०च्या आसपास. २०० वाले लावले असते तर दांडी दगडासारखी झाली असती आणि धावण्यासाठी पुढे-पुढे असे जे दोन झटके द्यावे लागतात ते मनगटाला जड गेले असते.

साफसफाईत सर्वांत जास्त वेळ गेला तो खोबरेल तेलाने. पार्लरमध्ये कामाला असलेली पोरं दांडी कुरकुरली की वरून खोबरेल सोडायची. पंधरा-वीस वर्षांत त्या तेलात धूळ बसून डांबर झालं होतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढलं, आणि टेकूच्या वाटीत पांढरं ग्रीस लावलं, तांदळाच्या दाण्याएवढंच. स्विचांवर काही लावलं नाही.

डावीकडची दांडी अशी तयार झाली. उजवीकडची, म्हणजे माझी, फार वाईट अवस्थेत होती. दांडा वाकलेला, टेकूची वाटी चिरलेली, लॉकच्या जागी तांब्याची वायर पिळून बसवलेली. ती अख्खी बदलायची ठरवली आणि जपानी कंपनी सॅन्वाची जेएलएफ मागवली, वर ३५ मिलिमीटरचा गोल चेंडू असलेली. हातात घेतली आणि फार आवडली. हलकी, नेमकी, चारही स्विच एकाच पट्टीवर, पाच वायरींचं एकच कनेक्टर. चार दिशा आणि एक ग्राउंड. पण ती दांडी पातळ पत्र्याच्या पॅनेलसाठी बनवलेली आहे आणि आमचं पॅनेल १८ एमएम प्लायचं. खालून बसवली तर वर चेंडूच्या खाली बोटं मावेनात. सुताराने पटाशीने खालून प्लाय कोरून दिला, तेव्हा जमलं.

मामाने येऊन दोन्ही दांड्या हलवून पाहिल्या. आधी डावी, मग उजवी, मग परत डावी.

"चांगली आहे गं," तो म्हणाला. "पण काढ ती."

"का? हिच्यावर तर जास्त छान खेळता येईल."

"म्हणूनच की. एकाला चांगली आणि एकाला साधी, असं चालत नाही. भांडणं त्यावरच व्हायची. हरलेला पोरगा म्हणायचा, तुझं हँडल चांगलं होतं. ते खरं असलं तर मी त्याला काय सांगू? दोन्ही सारखी पाहिजेत. वाईट असली तर दोन्ही वाईट."

पार्लर बंद होऊन वीस वर्षं झाली, पण त्याचा तो नियम शाबूत आहे. मला आठवलं, लोडशेडिंगमध्ये खेळ मधेच गेला की तो प्रत्येक पोराला कॉईन परत द्यायचा, आणि कोण कुठल्या मशीनवर होतं ते त्याच्या लक्षात असायचं. माझं म्हणणं होतं की मग दोन्हीकडे सॅन्वा लावू. त्यावर तो आत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात सहा मेलेल्या दांड्या होत्या. दर वेळी दांडी मोडली की त्याने ती या डब्यात टाकली होती, पुरात हा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला.

एकीचा दांडा सरळ होता, दुसरीची वाटी शाबूत होती, तिसरीत लॉक आणि स्प्रिंग मिळाली. स्प्रिंग मात्र दोन्हीकडे एकाच ताणाची हवी, म्हणून डब्यातल्या आणि जुन्या अशा सगळ्या स्प्रिंगा एकाच वजनाखाली दाबून उंची मोजली आणि सर्वांत जवळची जोडी निवडली. कोरलेल्या प्लायमध्ये खालून एक तुकडा फेव्हिकॉलने बसवून जागा पूर्ववत केली. सॅन्वाची दांडी मी प्रयोगशाळेसाठी ठेवली आहे.

वायरिंग सोपं गेलं, कारण या मशीनांचा कनेक्टर जपानमध्ये १९८५ च्या सुमारास एकसारखा ठरला. ५६ पिना, एका बाजूला २८. पहिल्या खेळाडूच्या वर, खाली, डावी, उजवी या वायरी १८ ते २१ नंबरच्या पिनांवर, आणि दुसऱ्याच्या त्याच जागी पलीकडच्या बाजूला. मामा सहा महिन्यांनी बोर्ड बदलून नवा गेम लावायचा आणि दांड्यांना हातही लावावा लागत नसे, तो यामुळेच. ग्राउंडची एकच वायर सगळ्या स्विचांतून माळेसारखी ओवलेली असते. ती मधे तुटली की तिच्या पुढचं सगळं बंद, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पॅनेल बसवलं. मशीन चालू करायला निघाले तर मामाने हात आडवा केला. त्याने स्टूल ओढलं, डावी दांडी दोन बोटांत धरली, डोळे मिटले आणि अगदी सावकाश एक गोल फेरी मारली. टक. टक. टक. ओठ हलत होते, मोजत होता. चार स्विच, प्रत्येकाचा लागताना एक आवाज आणि सुटताना एक. आठ.

"ही बरोबर."

मग उजवी. तशीच सावकाश. पुन्हा एकदा उलट्या दिशेने.

"आठ आहेत. पण पाचवा उशिरा येतोय."

मी मोजलं तेव्हा मला काहीच जाणवलं नाही. तरी पॅनेल पुन्हा उघडलं. त्या स्विचची पत्ती बाकीच्यांपेक्षा किंचित आत वाकलेली होती. नाकाड्या पक्कडीने केसभर बाहेर काढली, पॅनेल लावलं. मामाने परत फेरी मारली.

"आता घाल कॉईन."

मी दोन घातले.