दिवाळीनंतर ‘उडालेलं’ विंडोज

भाऊबीज झाली, पतसंस्था उघडली आणि तासाभरात मला फोन आला, “सर, विंडोज उडालंय.” आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात या वाक्यावरून काहीच कळत नाही. मॉनिटरची केबल निघाली तरी लोकांचं विंडोजच उडतं. मी पोचायच्या आधी कुणीतरी येऊन ‘डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल’ असं सांगून गेला होता. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणं, त्यामुळे मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरलेला. धनत्रयोदशीला ठेवी भरपूर जमा झालेल्या आणि नेमका त्याच संध्याकाळचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा राहिलेला.

मशीन जुनं, विंडोज ७ चं. चालू केलं की एक बीप, मग विंडोजचं चिन्ह उमटायला लागायचं, तेवढ्यात निळा पडदा लपकन दिसून मशीन रीस्टार्ट. एफ-एट दाबून ऑटो रीस्टार्ट बंद केलं तेव्हा कुठे तो पडदा वाचता आला. स्टॉप कोडच्या, म्हणजे त्यावरच्या एरर क्रमांकाच्या, शेवटी ७ बी. अर्थ असा की बूट डिव्हाइस, विंडोज ज्यावरून सुरू होतं ती डिस्क, सापडत नाही.

पण डिस्क मेली म्हणावी, तर विंडोजचं चिन्ह तरी कुठून आलं? बायोसने, म्हणजे मशीन चालू होताच आधी धावणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामने, तपासणी उरकून डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत आणला. तिथून पार्टिशनचा बूट सेक्टर, मग बूट मॅनेजर, मग विनलोड, आणि विनलोडने कर्नल (विंडोजचा गाभा) व सुरुवातीचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) मेमरीत चढवले. हे सगळं त्याच डिस्कवरून वाचलेलं. मात्र तिथपर्यंत डिस्क वाचून द्यायचं काम बायोस करतो. कर्नल सुरू झाला की तो बायोसला विचारत नाही, स्वतःचा ड्रायव्हर वापरतो. डिस्कशी बोलणारी मदरबोर्डवरची चिप, म्हणजे कंट्रोलर, भलत्याच मोडवर असेल आणि त्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीला चढलेला नसेल, तर कर्नल ज्या डिस्कवरून आत्ता आला तीच त्याला दिसत नाही. फॉरमॅट सांगणाऱ्याने एवढा विचार करायला हरकत नव्हती.

बायोसमध्ये शिरलो. तारीख १ जानेवारी २००९. साटा मोड, म्हणजे त्या कंट्रोलरचा मोड, जुन्या पद्धतीचा आयडीई. हे विंडोज एएचसीआय या नव्या मोडवर चढवलेलं असणार.

काउंटरवरच्या ताईंना विचारलं, “सकाळी पहिल्यांदा चालू केलं तेव्हा काही आलं होतं का?”

“आलं होतं की. काहीतरी इंग्रजीत. एफ-वन दाबा म्हणत होतं, दाबलं.”

तो मेसेज ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असा असणार. सीमॉस म्हणजे बायोसची सेटिंग जपणारी, सेलवर टिकणारी मेमरी. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल काढून मल्टिमीटर लावला. ३ व्होल्टचा सेल, २ व्होल्टही दाखवेना. सेल बहुधा कधीचाच संपला होता. कळलं मात्र आत्ता. एरवी मशीन बंद असलं तरी प्लगमध्ये वीज असते, आणि एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या) ५ व्होल्ट स्टँडबायवर घड्याळ आणि सेटिंग टिकून राहतात. सुट्टीला जाताना शिपाईमामांनी मेन स्विच पाडला. त्यांचं बरोबरच होतं. सेटिंग मात्र पुसली गेली आणि बोर्ड कारखान्यातल्या डिफॉल्टवर गेला.

नवा सेल बसवला, साटा मोड एएचसीआय केला. सेव्ह करण्याआधी तारीख आणि वेळ आठवणीने दुरुस्त केली. मशीन २००९ सालात उघडलं असतं आणि कुणी घाईत एक पावती टाकली असती, तर व्याजाचा हिशेब निस्तरायला आठवडा गेला असता. विंडोज सरळ वर आलं. साहेबांनी आधी धनत्रयोदशीची रोजकीर्द काढली, रोकड जुळवली, मग बॅकअप घेतला आणि मगच माझ्यासाठी चहा सांगितला.

बाकीची दोन मशीनं याच्याबरोबरच घेतलेली होती. तीही उघडली. एकाचा सेल २.४ व्होल्टवर आलेला, दुसऱ्याचा ठीक. दोन्ही बदलले. तिन्ही कॅबिनेटच्या आत पट्टी चिकटवून त्यावर सेल बदलल्याची तारीख आणि ‘साटा मोड एएचसीआय’ असं लिहून ठेवलं.