दोन फुटी टाकीसाठी पेरूची फांदी: निवडीपासून भिजवण्यापर्यंत

माशांच्या टाकीत ठेवायचं लाकूड ठरलं! सासवडजवळ मामांच्या मळ्यातली पेरूची फांदी, झाडावरच मेलेली आणि उभी वाळलेली. सध्या गच्चीवर टबात भिजते आहे. टाकीत बुशीनोज प्लेको (तळाशी राहणारा मासा) आणि चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) आहेत. प्लेको लाकूड दिवसरात्र खरवडतो, त्यामुळे निवडीला मुद्दाम वेळ दिला.

टाकीसाठी दुकानात मिळणारं मोपानी किंवा स्पायडर वुड हे लाकूड वाईट नाही. पण आपल्या मातीतलं लाकूड वापरायचं तर टाकीत चालणाऱ्या लाकडांच्या परदेशी याद्या पुरत नाहीत. ओक चालतो, बीच चालतो, हे वाचून आपल्याला काय उपयोग? आपल्या बांधावर करंज, सीताफळ, रुई, कण्हेर. म्हणून मामांनाच विचारलं, पूर्वी ओढ्यात मासे धरायला काय टाकायचे?

"गेळफळं कुटून टाकायची रे डोहात, मासे आपोआप वर यायचे. करंजाचंही तसंच."

माझ्या मते आपल्यासाठी हीच खरी यादी. गावातल्या जुन्या माणसांना विचारा. ज्या झाडाने मासे गुंगतात, त्याची काडीही टाकीत नको. सीताफळ त्याच रांगेतलं. त्याच्या बियांची पूड उवांवर लावतात, डोळ्यात गेली तर डोळा सुजतो, आणि कीटकांना मारणारी तसलीच द्रव्यं सालीतही असतात. मामांकडे अंजीरही भरपूर, पण फांदी मोडली की पांढरा चीक गळतो आणि लाकूडही मऊ. चीक येणारं कुठलंच झाड मी घेत नाही. कडुलिंब आणि साग कीड लागत नाही म्हणून घरात हवेत. कीड लांब ठेवणारं तेच द्रव्य पाण्यात उतरायला नको. नाशिकच्या एका मित्राने छाटणीतली द्राक्षाची खोडं देऊ केली होती. आकार बघून मोह झाला, पण द्राक्षावर फवारण्या किती होतात ते आपण जाणतोच, शिवाय ते पाण्यात लवकर कुजतं.

आता पेरू. लाकूड कठीण, घट्ट, फांद्यांना सुरेख वळणं. पण फळझाड म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. पहिली, खोडावरची बोर्डो पेस्ट. मोरचूद आणि चुन्याचा तो निळसर लेप म्हणजे तांबं, आणि तांबं श्रिंपचा जीव घेतं. म्हणून खोड आणि खालच्या फांद्या सोडून वरचीच फांदी घेतली. दुसरी, साल खाणाऱ्या अळीची भोकं. फांद्यांच्या बेचक्यात भुश्श्याची जाळीदार पट्टी दिसते, तिच्याखाली भोक असतं. बागायतदार त्यात औषधाचा किंवा रॉकेलचा बोळा कोंबून वरून चिखलाने लिंपतात. मला आवडलेल्या सगळ्यात देखण्या तुकड्याच्या बेचक्यात असं लिंपलेलं भोक होतं. तो तिथेच ठेवला.

घेतलेल्या फांदीची टोकं कट्‌कन मोडली, वाकली नाहीत. म्हणजे आत ओल नाही. नख रुतत नव्हतं, बुरशीचा वासही नव्हता. पेरूची वरची साल कागदासारखी सुटते, खालची तंतुमय साल मात्र चिकटून बसते. तासभर उकळल्यावर ती सुरीच्या बोथट बाजूने लांब पट्ट्यांनी निघाली. साल ठेवू नका, आधी तीच कुजते. पातेल्यात न मावणाऱ्या टोकावर उकळतं पाणी पुन्हा पुन्हा ओतलं. ओव्हनमध्ये लाकूड तापवू नये, पेट घेऊ शकतं.

आजची स्थिती: पाणी बदललं की सुरुवातीला काळ्या चहासारखं व्हायचं, आता फिकट पिवळं राहतं. हा रंग टॅनिनचा, म्हणजे लाकडातून उतरणाऱ्या तुरट द्रव्याचा. टॅनिनने मासे दगावत नाहीत. पाणी मऊ (कमी क्षारांचं) असेल तर पीएच थोडा उतरतो, एवढंच. कापलेल्या टोकांवर पांढरा बुळबुळीत थर आलाय. तो निरुपद्रवी असतो, टाकीत गेल्यावर श्रिंप आणि गोगलगाई फस्त करतात. फांदी अजून तरंगते, म्हणून स्टीलच्या स्क्रूने काळ्या फरशीच्या तुकड्यावर बसवणार आहे.

टाकीत टाकण्याआधी याच टबात थोड्या गोगलगाई आणि दोन-चार श्रिंप सोडून बघेन. ते नीट चरत राहिले की मग बेचक्यात अनुबियास (पाण्यात वाढणारं रोप) दोऱ्याने बांधायचा.