आधी मजकूर, मग पानं: पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याचा माझा अनुभव

पुस्तक स्वतःच काढायचं ठरलं की मन लगेच मुखपृष्ठाकडे धावतं. मी ते शेवटी ठेवलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो मजकूर स्वच्छ करण्यात, आणि जायलाच हवा होता.

निम्मी प्रकरणं जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरं साठवण्याची संगणकीय पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टात टाइप केलेली होती. त्या फॉन्टांत अक्षर डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरला हा क्रम फिरवावा लागतो आणि जोडाक्षर मोठं असलं की वेलांटी भलतीकडेच जाऊन बसते. ही चूक निदान डोळ्यांना खटकते. खरा धोका ‘ऱ्य’चा ‘र्य’ होण्याचा. ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला, ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला. दऱ्या डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. शब्द दोन्ही बरोबर असल्याने स्पेलचेकर गप्प बसतो. म्हणून ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक जागा हाताने तपासली. तसंच ‘ॲ’चं. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं अक्षर दिसायला सारखंच, पण संगणकाच्या लेखी वेगळं. दोन्ही मिसळले तर ई-बुकमध्ये शब्द शोधणाऱ्याला अर्ध्याच जागा सापडतात. एकच रूप ठरवून बाकी सगळे बदलले.

मुद्रितशोधन याच टप्प्यावर, पानं लावण्याआधी, दोनदा करून घेतलं. कारण पुढे कळेलच.

मग एकाच मूळ फायलीतून दोन वाटा. ई-बुकसाठी ईपब, म्हणजे पडद्याच्या आकाराप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी फाइल. प्रकरणाच्या नावाला फक्त ठळक टाइप न देता ‘हेडिंग १’ ही शैली दिली, त्यातूनच अनुक्रमणिका आपोआप तयार होते. नवं पान एंटर दाबून आणायचं नाही, पेज ब्रेक द्यायचा. वाचक अक्षराचा आकार बदलतो तेव्हा त्या रिकाम्या ओळी मजकुराच्या मध्येच येतात. फायलीच्या माहितीत भाषा मराठी नोंदवली. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देण्याची सोय असलेले काही फॉन्ट ही नोंद पाहूनच योग्य वळण निवडतात. छापील पीडीएफवरून ई-बुक करण्याचा मोह टाळावा: पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं जपलेली असतात, त्यांचा क्रम जपलेला असेलच असं नाही. त्यातून परत काढलेला मजकूर विस्कटून निघतो.

छपाईसाठी इनडिझाइन हे पानं लावण्याचं सॉफ्टवेअर वापरलं. त्यात ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या सुटतात. फॉन्टला दोष देण्याआधी हे पाहावं. फॉन्टचा परवाना मात्र वाचावाच. ‘टिरो देवनागरी मराठी’सारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट ई-बुकमध्येही अंतर्भूत करता येतात. आतला, बांधणीकडचा समास मी पानसंख्येनुसार ठेवला; केडीपी या ॲमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेच्या नियमात १५० पानांपर्यंत किमान ०.३७५ इंच आणि १५१ ते ३०० पानांना ०.५ इंच. हे किमान आहे, वाचायला त्याहून थोडा जास्त बरा.

पानसंख्या पक्की झाल्यावरच मुखपृष्ठ. कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीची, रुंदी पानांवर ठरते: केडीपीच्या क्रीम कागदाला दर पानामागे ०.००२५ इंच, म्हणजे २०० पानांना अर्धा इंच. मुद्रितशोधन पानं लावल्यावर केलं असतं आणि दहा-बारा पानं वाढली असती, तर कण्यावरचं नाव एका बाजूला सरकलं असतं. चित्र ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), कडेने ०.१२५ इंच ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग. ई-बुकच्या मुखपृष्ठाला उंचीला २५६० आणि रुंदीला १६०० पिक्सेल पुरतात. मात्र अंगठ्याएवढं करून नाव वाचता येतं का ते बघावं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, छापील आवृत्तीला एक आणि ईपबला वेगळा घ्यावा लागतो.

नमुना प्रत मागवली तेव्हा पडद्यावर न दिसलेल्या दोन गोष्टी कळल्या: मुखपृष्ठाचा निळा रंग कागदावर मळकट आला होता, आणि तळटीपांची अक्षरं बारीक होती. दुरुस्त्या आधी मूळ फायलीत, मग दोन्ही वाटांनी पुढे. नुसते टंकदोष सुधारले तर आयएसबीएन तोच राहतो. मजकुरात मोठी भर घातली तर ती नवी आवृत्ती, आणि तिचा क्रमांकही नवा.