अण्णा साळुंकेंची संमती कुठून आणू? नाशिकमधल्या एका छोट्या प्रदर्शनाच्या परवानगीचा माझा अनुभव

काम होऊन गेलं, प्रदर्शनही मस्त झालं, पण त्या एका टेबलाचा राग अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. आणखी कुणाला जुन्या कलाकारांवर असं काही करायचं असेल तर त्यांचे तरी हेलपाटे वाचतील.

मला मूकपटातल्या कलाकारांचं वेड आहे, अगदी कॉलेजपासून. नाशिकमध्ये दादासाहेब फाळके म्हटलं की लोक लगेच पांडवलेणीखालच्या स्मारकाचं नाव घेतात, जन्म त्र्यंबकचा, १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले तेही नाशिकमध्येच, हे बऱ्याच जणांना माहीत असतं आणि असायलाच पाहिजे. पण त्यांच्या कॅमेऱ्यासमोर जे उभे राहिले त्यांचं काय? अण्णा साळुंके हे नाव मी आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात दहा रुपये पगारावर काम करणारा पोरगा, सिनेमात काम करायला कुणी बाई तयार होईना तेव्हा फाळक्यांनी त्याला पंधरा रुपये देऊ केले आणि १९१३ च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तो तारामती झाला. चार वर्षांनी लंकादहनमध्ये याच माणसानं राम पण केला आणि सीता पण! त्या सिनेमाला राम पडद्यावर आला की लोक चपला काढायचे असं सांगतात. म्हणजे अण्णांसमोरच काढायचे ना? आणि त्यांच्या नावाची साधी पाटी माझ्या तरी बघण्यात नाही गावात.

म्हणून मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी ठरवलं की एप्रिलच्या शेवटी, ३० तारखेला फाळक्यांची जयंती असते तेव्हा, या कलाकारांच्या सिनेमातल्या फ्रेम्स, म्हणजे थांबवलेली एकेक चित्रं, मोठ्या छापून दोन दिवस लावायच्या. अण्णा, कालियामर्दनमधली मंदाकिनी फाळके, आणि मोहिनी भस्मासुरमधल्या दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी. मोहिनी भस्मासुर आता बघायला मिळत नाही, त्यामुळं मायलेकींचं पॅनल नुसतं मजकुराचं. मजकुरासाठी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, बसून तारखा तपासल्या, छपाई वेळेत झाली, पैसे आम्ही तिघींनी घातले, यात काहीच अडलं नाही.

अडलं ते जागेच्या परवानगीत. जागा सार्वजनिक, भाडं परवडणारं, तारीख मोकळी, ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'प्रदर्शित साहित्याच्या मालकाचे ना-हरकत पत्र'. मी तिथं 'लागू नाही' लिहिलं, तर टेबलवरचे भाऊ म्हणाले, "मॅडम, फोटो सिनेमातले आहेत ना? मग निर्मात्याची एनओसी लागेल."

मी शांतपणे सांगितलं की कालियामर्दन १९१९ चा आहे, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा, ती कंपनी आपल्या नाशिकचीच होती, पण बंद होऊनही नव्वदेक वर्षं झाली, आणि फाळके जाऊन ऐंशीच्या वर. तर म्हणे, "मग वारसांची आणा." बरं, ते लिहून घेतेय तोवर पुढचं आलं, "आणि फोटोत जे दिसतात त्यांची पण संमती जोडा, हल्ली लोक तक्रारी करतात." ज्यांनी १९१३ साली तारामतीचा शालू नेसला त्यांची संमती! मी त्यांना फ्रेम दाखवली, म्हटलं भाऊ हे अण्णा साळुंके, यांची सही मी कुठून आणू तुम्हीच सांगा. त्यांनी फोटोकडं बघितलंसुद्धा नाही, फॉर्म माझ्याकडं सरकवला आणि मागच्या माणसाला बोलावलं.

तिथून जे सुरू झालं ते सुरूच. साहेब मीटिंगला. साहेब साइटवर. फाइल पुटअप केलीय. फाइल विधी विभागाच्या मतासाठी गेलीय, मग कळलं गेलीच नव्हती, त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. मध्येच ते भाऊ रजेवर आणि त्यांच्या जागी दुसरे, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि तेही त्याच रकान्यावर बोट ठेवून थांबले. प्रत्येक वेळी ऑफिसातून हाफ डे काढायचा, सीबीएस बस स्टँडजवळ गाडी लावायला जागा शोधायची, आणि उत्तर काय तर सोमवारी या. पण खरं लागलं ते वेगळंच. तिथले एकजण अगदी चांगल्या भावनेनं म्हणाले, "मॅडम, हे कोण बघायला येणार? त्यापेक्षा आत्ताच्या हिरोंचे लावा, गर्दी होईल." मला रडूच यायचं बाकी होतं. ज्या गावात हे सिनेमे बनवणारी कंपनी उभी राहिली त्या गावात हे ऐकायचं?

त्या दिवशी घरी येऊन मी कायदा वाचायला बसले. आपल्याकडं सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९१३, १९१७, १९१९, कसंही मोजा, मुदत कधीच संपलेली आहे, म्हणजे परवानगी द्यायला कुणी मालकच उरलेला नाही. हे मी तोंडी आधीही सांगत होते पण तोंडी सांगितलेलं तिथं हवेत जातं. म्हणून एका पानाचा अर्ज केला. त्यात प्रत्येक सिनेमाचं नाव, प्रदर्शनाचं वर्ष, कॉपीराइटची मुदत, आणि शेवटी असं वाक्य: 'तरीही ना-हरकत पत्र आवश्यक असल्यास ते कोणत्या नियमानुसार आणि कोणाकडून घ्यायचे हे कृपया लेखी कळवावे.' अर्ज आवकमध्ये दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, ती घ्यायला दहा मिनिटं वाद झाला तरी चालेल, घ्याच.

लेखी म्हटल्यावर फाइल हलली. साहेब भेटले, त्यांनी अर्ज वाचला, दोनच प्रश्न विचारले, तिकीट लावणार का आणि सिनेमा दाखवणार का. दोन्ही नाही. शेरा मारला, 'स्वयंघोषणापत्र घेऊन परवानगी द्यावी'. साध्या कागदावर लिहून दिलं की या साहित्याची जबाबदारी आमची, झालं. मी जिन्यात उभं राहून दोघींना फोन केला आणि मला नीट बोलताच येईना इतका आनंद झाला होता.

साहेबांचा तो दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे बरं का. सिनेमा दाखवणार असाल तर ते प्रकरण वेगळं, त्याच्या परवानग्या वेगळ्या. त्यामुळं फक्त फ्रेम्स लावायच्या असतील तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा की चित्रपट दाखवला जाणार नाही. आणि माझं हे ६० वर्षांचं गणित इतक्या जुन्या सिनेमांना लागू पडतं म्हणून सोपं गेलं, अलीकडच्या सिनेमाचे फोटो असतील तर ते चालणार नाही, तिथं खरंच मालकाला विचारावं लागेल.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त लोक थांबले ते मंदाकिनीपाशी. कालियामर्दनच्या सुरुवातीलाच ही फाळक्यांची सात वर्षांची मुलगी साध्या वेषात कॅमेऱ्याकडं बघत चेहऱ्यावरचे भाव बदलत जाते आणि मग तिथल्या तिथं तिचा कृष्ण होतो. आम्ही ते भाव एकाखाली एक असे लावले होते, मधे काहीही न लिहिता. एका शाळकरी मुलीनं आईला विचारलं, हिला कुणी शिकवलं असेल? आणि मग ती स्वतः तसे चेहरे करून बघायला लागली, तिच्या मागून आणखी दोघी. अण्णांच्या पॅनलसमोर एक आजोबा शेवटपर्यंत मजकूर वाचून म्हणाले, "एवढं केलं आणि आम्हाला नावपण नाही माहीत." मला तेवढंच हवं होतं, की चार लोकांनी ते नाव मोठ्यानं वाचावं.

फ्रेम काढताना एक लक्षात ठेवा, तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, त्यामुळं कलाकाराचा हात हलताना बऱ्याच फ्रेम्स पुसट येतात, व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं सरकवत हात स्थिर असलेली निवडा. मॅट पेपरवरच छापा, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि चेहराच दिसत नाही. रंग भरलेल्या आवृत्त्या मिळतील त्या अजिबात वापरू नका, अण्णांचा चेहरा गुलाबी केलेला मला तरी बघवत नाही. आणि हो, हॉल बुक करतानाच विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी भिंतीला खिळे किंवा टेप चालत नाही, आम्ही आदल्या रात्री रविवार कारंजावर धावाधाव करून दोरी आणि चिमटे आणले होते.