काकांच्या पायातली चप्पल

मागच्या मे महिन्यात देवगडला आंबे उतरवायची गडबड चालू होती आणि काका म्हणाले, "माका पायाखाली जमीन लागणा नाय". चप्पल मागे कातळावर राहिली तरी पत्ता नाही. आधीच्या डॉक्टरांनी बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली, त्यात ४ दिवस गेले (राग अजून आहे), मग गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हललाच नाही, तेव्हा जीबीएस (गिलॅन-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते) निघाला.

त्याआधी पोट बिघडलेलं. कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जंतूचं आवरण आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या साखर-चरबीच्या रेणूंसारखंच दिसतं, म्हणून त्याच्यासाठी बनलेल्या अँटीबॉडी कधीकधी नसांवरच तुटून पडतात. काकांचं पण बहुतेक तसंच.

पण पोट तर सगळ्यांचंच बिघडतं ना? आपल्याकडे गावाला राखणदार असतो तशा शरीरात रेग्युलेटरी टी पेशी असतात, घरच्यांवर हात उचलणाऱ्या पेशींना आवरायचं हे त्यांचं काम. जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या, २०२५ चं नोबेल त्यात तिघांना मिळालं. जीबीएसच्या पेशंटमध्ये सुरवातीला त्या कमी असतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

काकांना ५ दिवस आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी, शिरेतून) दिलं. काचेच्या बाटल्या, महाग प्रकरण. आता काठी घेऊन मांगरापर्यंत जातात, चप्पल मात्र पट्ट्याचीच.