राफा मार्केझ: पाच वर्ल्डकप, पाचही वेळा तीच मॅच

मेक्सिकोचा डिफेंडर राफा मार्केझचं नाव काढलं की निम्मे लोक थेट डच विंगर रॉबेनवर येतात. २०१४चा वर्ल्डकप, फोर्तालेझा, नेदरलँड्सविरुद्धची नॉकआउट मॅच, मेक्सिको १-० पुढे, ८८व्या मिनिटाला स्नायडरने बरोबरी केली आणि मग इंज्युरी टाइममध्ये रॉबेन बॉक्समध्ये पडला, मार्केझचा पाय तिथे होता, पेनल्टी, हुंटेलारचा गोल, संपलं सगळं. ती पेनल्टी नव्हतीच, असं मेक्सिकोतले लोक अजूनही म्हणतात. मला विचाराल तर थोडा टच होता, पण रॉबेन पडला मात्र जरा जास्तच. ते जाऊ द्या, पण बावीस वर्षं खेळलेल्या माणसाला त्या एका पायावरून मोजतात ना, ते मला अजिबात पटत नाही.

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या समोरा गावचा मुलगा, सतराव्या वर्षी १९९६ला ग्वादालाहाराच्या अॅटलास क्लबकडून पहिली मॅच खेळला. १९९९ला अॅझ्टेका स्टेडियमवर ब्राझीलला ४-३ हरवून कॉन्फेडरेशन्स कप जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता, त्याच वर्षी मोनॅको क्लबकडे गेला आणि पहिल्याच सीझनमध्ये फ्रेंच लीग जिंकली. मग २००३ ते २०१० बार्सिलोना.

बार्सातला मार्केझ ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर असून बॉल नुसता लांब भिरकावून मोकळा होणारा नव्हता तो, मान वर करून चाळीस मीटरवरच्या विंगरच्या बरोबर पायात बॉल टाकायचा, म्हणून तर कोच रायकार्डने त्याला बऱ्याचदा बचावफळीच्या पुढे मिडफिल्डमध्येही खेळवलं. २००६ला पॅरिसमध्ये आर्सेनलविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये पुयोलच्या बाजूला तोच उभा होता, २-१ जिंकले, आणि चॅम्पियन्स लीग जिंकणारा तो पहिला मेक्सिकन. २००९ची फायनल मात्र गुडघ्याच्या दुखापतीने हुकली, चेल्सीविरुद्ध सेमीफायनलमध्येच बाहेर गेला होता.

पण मेक्सिकोसाठी खरी गोष्ट वर्ल्डकपचीच. २००२ला कोच अगिरेने तेविसाव्या वर्षी त्याला कॅप्टन केलं आणि तिथून २०१८पर्यंत पाचही वर्ल्डकपमध्ये तो कॅप्टन म्हणून उतरला. पाचही वेळा मेक्सिको ग्रुपमधून पुढे गेला आणि पाचही वेळा चौथ्या मॅचला, राउंड ऑफ १६ या पहिल्या नॉकआउट फेरीत, बाहेर पडला. २००२ला अमेरिकेविरुद्ध तर हरत असताना शेवटी शेवटी कोबी जोन्सला डोकं मारून रेड कार्ड घेतलं त्याने, ते चूकच होतं, बचाव करण्यासारखं काही नाही त्यात.

२००६, लाइपझिग, अर्जेंटिना. सहावं मिनिट, पार्दोची फ्रीकिक, मेंडेसने डोक्याने पुढे ढकलली आणि लांबच्या पोस्टवर मार्केझ धावत येऊन पाय लावतो, गोल! अर्जेंटिनासारख्या टीमला तेव्हा घाम फोडला होता मेक्सिकोने, ९० मिनिटांत १-१, आणि मग एक्स्ट्रा टाइममध्ये मॅक्सी रॉड्रिगेझने छातीवर बॉल घेऊन तो व्हॉली मारला. त्याला कोण काय करणार. पुढे २०१०ला उद्घाटनाच्या मॅचमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ७९व्या मिनिटाला बरोबरीचा गोल, २०१४ला क्रोएशियाविरुद्ध कॉर्नरवर हेडर. डिफेंडर असून लागोपाठ तीन वर्ल्डकपमध्ये गोल, आणि आपण पेनल्टीवर बोलत बसतो.

मधे न्यूयॉर्क रेड बुल्स क्लबचं प्रकरण काही जमलं नाही, पण मेक्सिकोत परत येऊन लिऑन क्लबला कॅप्टन म्हणून लागोपाठ दोन टायटल्स मिळवून दिली. २०१८ला एकोणचाळिसाव्या वर्षी जर्मनीविरुद्ध १-० पुढे असताना तो सब म्हणून आला, ग्वार्दादोने दंडावरचा कॅप्टनचा पट्टा काढून त्याला दिला आणि ती लीड टिकली. पुढे समारामध्ये ब्राझीलविरुद्ध सुरुवातीपासून खेळला, हाफटाइमला बाहेर आला, ०-२. परत चौथीच मॅच.

२०२४ला अगिरे पुन्हा मेक्सिकोचा कोच झाला तेव्हा सहाय्यक म्हणून त्याच्या बाजूला मार्केझच होता, आणि २०२६च्या वर्ल्डकपनंतर टीम मार्केझकडे द्यायची हेही तेव्हाच जाहीर झालं.